कृमी नको, विषही नको : शेंगवर्गीय भाज्यांवरील बुरशीरोगांचे निर्धोक नियंत्रण

प्रास्ताविक

लंघनानंतर रुग्णाचा अग्नी मंद असताना त्यास प्रथम काय द्यावे, असा प्रश्न कोणत्याही वैद्यास विचारला तर बहुधा एकच उत्तर मिळेल : मुगाचे यूष. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात शमीधान्यांमध्ये मूग हा पथ्यतम गणला आहे. ज्याचे बल क्षीण झाले आहे, ज्यास अन्य काही पचत नाही, अशा रुग्णाच्या पोटी आपण विश्वासाने जे द्रव्य घालतो ते हे. साहजिकच ते द्रव्य इतर कोणत्याही अन्नापेक्षा अधिक शुद्ध असावयास हवे.

ही शुद्धी कोठे सुरू होते? औषधी द्रव्य कोणत्या भूमीतून घ्यावे याचा विचार सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात केला आहे. द्रव्याचा उपघात करणाऱ्या ज्या गोष्टी तेथे सांगितल्या आहेत त्यांत कृमी आणि विष ही दोन्ही लागोपाठ येतात. कृमी या शब्दाच्या व्यापक अर्थात आजच्या बुरशीचा समावेश करण्यास हरकत नसावी. आणि शेतात फवारलेल्या औषधाचा अवशेष हा विषाच्या सदरात मोडतो हे सांगावयास नको. तात्पर्य, बुरशी लागलेला मूग जसा त्याज्य तसाच बुरशीनाशकाने माखलेला मूगही त्याज्य. दोहोंपैकी एकच टाळून भागत नाही. प्रस्तुत लेखात याच दुहेरी कसोटीवर शेंगवर्गीय भाज्यांच्या रोगनियंत्रणाचा विचार केला आहे.

असोदा परिसरात व्यवसाय करताना शेतकरी रुग्णांशी नित्य संबंध येतो. बहिणाबाई चौधरी यांचे माहेर असलेले हे गाव जळगाव शहरापासून अगदी जवळ आहे. २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या जळगावच्या भरीत वांग्यांमुळे असोदा, भादली या पट्ट्याचे नाव सर्वदूर पोहोचले. परंतु याच काळ्या जमिनीत मूग, उडीद, चवळी, गवार, घेवडा, वाल व मेथी ही पिकेही होतात. सकाळी तोडलेली गवार त्याच दिवशी जळगावच्या बाजारात असते आणि खरिपाचा मूग दिवाळीपूर्वीच आपल्या औषधशाळांच्या गोदामात येतो. शेत आणि खल यांमधील अंतर इतके थोडे असताना शेतात काय फवारले गेले याविषयी आपण अनभिज्ञ राहणे योग्य नव्हे.

१. आपला संबंध कोणत्या वनस्पतींशी

शिंबीकुल हे आपल्या द्रव्यगुणशास्त्रातील एक मोठे कुल आहे. मुद्ग, माष, कुलत्थ, निष्पाव (वाल) ही आहारद्रव्ये तर त्यात आहेतच. शिवाय मेथिका, बाकुची, कपिकच्छू, यष्टीमधु, मुद्गपर्णी आणि माषपर्णी ही औषधी द्रव्येही याच कुलातील होत. त्यामुळे भाजीच्या चवळीवर किंवा मेथीवर पडणाऱ्या रोगांचे ज्ञान बाकुची अथवा कपिकच्छूची लागवड करवून घेणाऱ्या औषधनिर्मात्यासही उपयोगी पडते.

२. प्रमुख बुरशीरोगांची ओळख

चिकित्सेपूर्वी निदान, हा नियम वनस्पतींनाही लागू आहे. शेतकरी ‘पिकावर रोग आला’ एवढेच सांगतो आणि कृषी सेवा केंद्रातून मिळेल ते औषध आणून फवारतो. म्हणून लक्षणे नेमकी ओळखता आली पाहिजेत.

भुरी : पानांवर पीठ भुरभुरल्याप्रमाणे पांढरे डाग पडतात. पुढे खोड व शेंगांवरही पांढरी पूड दिसते, पाने पिवळी पडून गळतात. मूग, उडीद, वाटाणा, मेथी व गवार या सर्वांवर हा रोग येतो. याचे वैशिष्ट्य असे की या बुरशीचे बीजाणू रुजण्यास पानावर पाण्याचा थर लागत नाही. कोरडी हवा, थंड रात्री व ढगाळ दिवस तिला मानवतात. म्हणूनच खानदेशात पावसाने उघडीप दिल्यावर, भाद्रपदाच्या सुमारास, उशिरा पेरलेला मूग पांढरा पडलेला दिसतो.

तांबेरा : पानांच्या खालच्या बाजूस तांबूस, उंचवट्यासारखे पुटकुळीवजा ठिपके येतात. बोट फिरविल्यास गंजासारखी पूड लागते. घेवडा, चवळी व वाटाणा यांवर विशेषतः दिसतो. या बुरशीस मात्र पान काही तास ओले राहावे लागते. दव आणि तुषार सिंचन तिला पोषक ठरतात.

करपा : पाने, देठ व शेंगांवर खोलगट, तपकिरी ते काळे डाग पडतात. घेवड्याच्या शेंगेवरील असे डाग आतील दाण्यापर्यंत पोहोचतात आणि रोग बियाण्यातून पुढील वर्षी परत येतो.

मर आणि मूळकूज : मर रोगात फ्युजेरियम ही जमिनीतील बुरशी मुळांतून शिरून रसवाहिन्या बंद करते, झाड वरून कोमेजते. मूळकूज मॅक्रोफोमिना या बुरशीमुळे होते; उष्ण व कोरड्या जमिनीत मुळे कुजतात, झाड सहज उपटून येते. दोन्ही रोग जमिनीतून येत असल्याने पानांवर फवारणी करून गुण येत नाही.

याशिवाय सर्कोस्पोरा व अल्टरनेरिया या बुरशींमुळे पानांवर ठिपके पडतात.

येथे एक व्यवच्छेदक निदान ध्यानी ठेवावे. मूग व उडदाच्या पानांवर पिवळेधमक चट्टे उठतात तो केवडा रोग विषाणूजन्य असून पांढऱ्या माशीमुळे पसरतो. गवारीच्या पानांवरील एक करपाही जीवाणूजन्य असतो. या दोहोंवर बुरशीनाशक फवारणे म्हणजे वातविकारात कफघ्न उपचार करण्यासारखे आहे : रोग बरा होत नाही, द्रव्य मात्र दूषित होते.

३. बुरशी न आवरल्यास

‘काहीच न फवारणे हेच उत्तम’ असा एक विचार आपल्या व्यवसायात ऐकू येतो. तो अपुरा आहे. भुरी किंवा तांबेरा यांमुळे मुख्यतः उत्पन्न घटते व दाणा पोचट राहतो. परंतु काढणीच्या सुमारास व साठवणीत येणाऱ्या बुरशी थेट विष निर्माण करतात. त्यांत अस्परजिलस फ्लेवस ही प्रमुख होय. तिच्यापासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक असून दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होते.

या विषाचा शोधच मुळी एका शेंगवर्गीय पिकामुळे लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अल्पावधीत मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत ही बुरशी वाढली होती. आपल्या शेजारचे उदाहरण याहून दुःखद आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासीबहुल जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन कामला व जलोदर यांची साथ उद्भवली आणि शंभरावर माणसे दगावली.

मुगाचे दर पडतात ते बहुधा काढणीच्या वेळी पाऊस झाल्यावर. शेंगा झाडावरच भिजतात, दाणा काळवंडतो, आणि बाजारात तो ‘डागी माल’ म्हणून स्वस्त मिळतो. चूर्णात किंवा उटण्यात दाण्याचा रंग कळत नाही, म्हणून असा माल घेण्याचा मोह होऊ शकतो. तेव्हा हे ध्यानी असावे की अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या उकळण्याने नष्ट होत नाही. यूष, क्वाथ किंवा पेया करताना जी उष्णता दिली जाते ती त्यास पुरेशी नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने कडधान्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. रुग्णाच्या पथ्यासाठी आपण त्याहूनही काटेकोर असावे.

४. फवारणीतून येणारे विष

आता दुसरी बाजू. बुरशीनाशकांच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा व हिरवा हा त्याचा उतरता क्रम. मँकोझेब आणि कार्बेन्डाझिम ही सर्वपरिचित बुरशीनाशके हिरव्या त्रिकोणात येतात, आणि शेतकरी हिरवा रंग पाहून निर्धास्त होतो. परंतु हा त्रिकोण केवळ एकवार पोटात गेल्यास किती मात्रेने मृत्यू येईल यावर ठरतो. अल्प मात्रेत, दीर्घकाळ पोटात गेल्यास काय होईल, हे तो सांगत नाही.

अगदतंत्राच्या अभ्यासकास येथे दूषीविषाची कल्पना आठवल्यावाचून राहणार नाही. अल्पवीर्य असल्याने तत्काळ मारत नाही, पण शरीरात लपून राहते आणि अनुकूल काळ येताच विकार करते, असे ते विष. आधुनिक विषशास्त्र ज्यास दीर्घकालीन विषबाधा म्हणते त्याचे वर्णन आपल्या संहितांत इतक्या स्पष्टपणे असताना हिरव्या त्रिकोणावर विसंबणे आपल्याला शोभत नाही.

मँकोझेबचेच उदाहरण घेऊ. त्याच्या विघटनातून इथिलीन थायोयुरिया हा पदार्थ तयार होतो आणि तो अवटु ग्रंथीच्या कार्यात बाधा आणतो. महत्त्वाची गोष्ट अशी की अवशेष असलेली भाजी शिजविली असता हा पदार्थ अधिक प्रमाणात तयार होतो. म्हणजे ज्या अग्निसंस्कारावर आपण शुद्धीसाठी भिस्त ठेवतो तोच येथे उलट परिणाम करतो. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मँकोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. कार्बेन्डाझिमची तेथील मान्यता २०१४ मध्येच संपली होती. परदेशी माल पाठविणाऱ्या औषधनिर्मात्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

आपल्या देशातही जुन्या पुस्तिकांतील शिफारशी डोळे झाकून पाळता येत नाहीत. बेनोमिल हे बुरशीनाशक आणि बीजप्रक्रियेसाठी वापरले जाणारे पारदयुक्त एम.ई.एम.सी. यांवर २०१८ च्या आदेशाने बंदी आली. भुरीसाठी वर्षानुवर्षे सांगितले जाणारे डिनोकॅप २०२३ च्या आदेशाने प्रतिबंधित झाले. शेतकऱ्याच्या घरी जुना डबा शिल्लक असू शकतो. चौकशी करताना हा प्रश्न अवश्य विचारावा.

शुष्कीकरणाचा मुद्दाही दुर्लक्षित राहतो. मेथीच्या हिरव्या पाल्यात सुमारे ८५ टक्के पाणी असते. दहा किलो पाला वाळवून दीड किलोच्या आसपास भरतो. न उडणारा अवशेष मात्र तेवढाच राहतो, म्हणजे वजनाच्या प्रमाणात तो सहा ते सात पटींनी वाढतो. भाजी म्हणून जी मेथी मर्यादेत बसते तीच चूर्ण म्हणून मर्यादेबाहेर जाऊ शकते.

५. चिकित्साक्रम

रोग्याची चिकित्सा करताना आपण एकदम तीक्ष्ण औषधाकडे वळत नाही. प्रथम निदानपरिवर्जन, मग सौम्य उपक्रम, आणि शेवटी अपरिहार्य असेल तरच तीक्ष्ण. हाच क्रम पिकास लावावा.

(अ) निदानपरिवर्जन

रोगप्रतिकारक वाण निवडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मुगामध्ये बदनापूर केंद्राचा बी.पी.एम.आर. १४५, राहुरी कृषी विद्यापीठाचा वैभव, तसेच भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोला कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने दिलेले टार्म मालिकेतील वाण हे भुरीस तोंड देणारे म्हणून ओळखले जातात.

खरिपाचा मूग पुरेशा पावसानंतर जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या आरंभी पेरावा. ६० ते ७० दिवसांत पीक हाती येते व भुरीचा जोर वाढण्यापूर्वी शेंगा भरतात. दोन ओळींत ३० व दोन झाडांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हवा खेळती राहते. वेलवर्गीय घेवड्यास मांडव किंवा ताटीचा आधार द्यावा. पाणी मुळाशी द्यावे, पानांवर नव्हे. ठिबक सिंचनाची जळगावला मोठी परंपरा आहे, तिचा येथे दुहेरी लाभ होतो. रोगट अवशेष शेतात पडू देऊ नयेत.

पिकांची फेरपालट विचारपूर्वक करावी. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर कमी होते. परंतु मूळकूज करणारी मॅक्रोफोमिना ज्वारी व मक्यासही ग्रासते. तेथे केवळ ज्वारी घेऊन भागत नाही. अशा जमिनीत शेणखत भरपूर घालावे आणि पिकास पाण्याचा ताण पडू देऊ नये.

(आ) बीजसंस्कार

पेरणीपूर्वी किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. ही उपकारक बुरशी असून जमिनीतील रोगकारक बुरशींवर वाढते व त्यांना अन्न आणि जागा मिळू देत नाही. त्यानंतर गुळाच्या थंड पाण्यात कालवलेले रायझोबियम जीवाणू संवर्धन किलोस २५ ग्रॅम या प्रमाणात लावावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. रायझोबियमचे संवर्धन प्रत्येक पिकासाठी वेगळे असते, ते पाहून घ्यावे.

मर व मूळकुजीचा इतिहास असलेल्या शेतात एकरी १ ते २ किलो ट्रायकोडर्मा सुमारे १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावे, सावलीत ओलसर ठेवून आठवडाभराने जमिनीत द्यावे. त्यासोबत रासायनिक बुरशीनाशक देऊ नये, अन्यथा ट्रायकोडर्माच मरते. पाकिटावरील अंतिम तारीख पाहणे आवश्यक. हे सजीव द्रव्य आहे, उन्हात ठेवलेल्या पाकिटात केवळ पूड उरते.

(इ) सौम्य उपक्रम

वराहमिहिरांच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेद प्रकरणात रोगी वृक्षाचा दूषित भाग शस्त्राने काढून विडंग, तूप व चिखल यांचा लेप आणि दूधमिश्रित पाण्याचे सेचन सांगितले आहे. सुरपालांच्या वृक्षायुर्वेदात तर वृक्षांच्या रोगांचा दोषानुसार विचार आढळतो. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातील हस्तलिखितावरून त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले. दुधाविषयी आधुनिक आधारही आहे. ब्राझीलमधील बेटिओल या संशोधकाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यात मिसळलेल्या गाईच्या दुधाच्या साप्ताहिक फवारणीने भोपळावर्गीय झुकिनीवरील भुरी आटोक्यात आली. एक भाग दूध व नऊ भाग पाणी हे त्याचे व्यवहार्य प्रमाण होय. हे प्रयोग हरितगृहात व वेगळ्या कुलातील पिकावर झाले असल्याने मूग किंवा वाटाण्यावर प्रथम दोन-चार ओळींत करून पाहावे. परसबागेसाठी व औषधी वनस्पतींच्या छोट्या वाफ्यांसाठी हा उपाय सोयीचा आहे. प्राचीन ग्रंथांतील सेचन मुळाशी आहे आणि आजचा प्रयोग पानांवरचा, हा भेद विसरू नये. एकाचा आधार दुसऱ्यास परस्पर जोडणे शास्त्रीय होणार नाही.

निंबतेलाचा मुख्य उपयोग किडींवर असला तरी भुरीच्या आरंभी त्याने काही अंशी आळा बसतो. दशपर्णी अर्क, गोमूत्र, आंबट ताक यांचा वापर आपल्याकडे होतो. परंतु त्यांची तीव्रता प्रत्येक खेपेस वेगळी असते, म्हणून सर्व शेतावर एकदम फवारू नये. खाण्याचा सोडा फवारण्याचा सल्लाही कानी येतो. तो पुनःपुन्हा फवारल्यास पाने भाजतात, आणि आपल्या भागातील चोपणाकडे झुकणाऱ्या काळ्या जमिनीत सोडियमची भर पडणे हितावह नाही.

(ई) मध्यम उपक्रम : गंधक आणि ताम्र

भुरीवर गंधक हे आजही भरवशाचे औषध आहे. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात, पहिले पांढरे डाग दिसताच फवारावे व गरजेनुसार १० ते १२ दिवसांनी पुन्हा फवारावे. किंवा ३०० मेश गंधकाची भुकटी हेक्टरी २० किलो सकाळच्या वेळी धुरळावी. दोन पथ्ये मात्र पाळावीत. तापमान ३२ ते ३५ अंशांच्या वर असताना गंधक वापरल्यास पाने करपतात. खानदेशच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४२ अंशांपुढे जातो, उन्हाळी मूग किंवा गवारीवर ते टाळावे. आणि निंबतेल वा अन्य तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक वापरू नये.

रसशास्त्राच्या दृष्टीने एक सूचना. शेतीचे गंधक व औषधशाळेतील गंधक ही वेगळी द्रव्ये आहेत. शेतीच्या गंधकात ते पाण्यात मिसळावे म्हणून अन्य पदार्थ घातलेले असतात. ते स्वस्त पडते म्हणून शोधनासाठी घेणे सर्वथा अयोग्य.

करपा व पानांवरील ठिपके यांसाठी बोर्डो मिश्रण उपयोगी आहे. फ्रान्समधील मिलार्दे यांनी द्राक्षांसाठी ते १८८५ साली जगापुढे मांडले. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मोरचूद व चुना प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत ओतावे. लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना आणखी घालावा. कोवळ्या शेंगवर्गीय पिकावर याच्या निम्मे तीव्रतेचे मिश्रण पुरे. तयार केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे. ताम्र हा धातू आहे, तो जमिनीत विघटन न होता साचत जातो; अशुद्ध ताम्राचे दोष आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून मेथीसारख्या पालेभाजीवर ते वापरू नये व शेंगभाजीवर फुलोऱ्यापूर्वीच थांबावे.

(उ) तीक्ष्ण उपक्रम

एवढे करूनही रोग हाताबाहेर जात असेल तर रासायनिक बुरशीनाशक वापरण्याची वेळ येते. शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न त्यावर अवलंबून असते, तेव्हा त्यास सरसकट निषिद्ध म्हणणे अव्यवहार्य होईल. मात्र तीन अटी असाव्यात. त्या पिकासाठी व त्या रोगासाठी औषधाची नोंद डब्यावरील पत्रकात असावी. फवारणी व काढणी यांमधील पत्रकात दिलेले दिवस पूर्ण व्हावेत; गवार, चवळी यांची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी होत असल्याने नेमकी हीच अट मोडली जाते. आणि तीन-चार औषधे एकाच पंपात मिसळू नयेत. निवडीसाठी ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा धुळ्याचे कृषी महाविद्यालय यांचा सल्ला घ्यावा, केवळ विक्रेत्याचा नव्हे. पालेभाजी व औषधासाठी घ्यावयाचा पाला यांवर तीक्ष्ण उपक्रम टाळावाच.

६. वैद्यांचे कर्तव्य

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. ती औषधे कीटकनाशके होती. पण उघडे अंग, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी व औषधांचे मिश्रण ही कारणे सर्वत्र समान आहेत. कंडू, नेत्रदाह, शिरःशूल वा हृल्लास घेऊन येणाऱ्या शेतकरी रुग्णास ‘फवारणी कधी केली, कोणती केली’ हा प्रश्न विचारणे आपल्या प्रश्नपरीक्षेचा भाग व्हावा. डबा किंवा त्याचे पत्रक मागवून घ्यावे. लाळ गळणे, बाहुली आकसणे, श्वासकष्ट ही लक्षणे दिसल्यास वेळ न दवडता रुग्णास जिल्हा रुग्णालयात पाठवावे. येथे विलंब क्षम्य नाही.

पथ्य सांगताना ‘मूग खा’ एवढेच न सांगता तो कसा असावा हेही सांगावे : चालू हंगामाचा, एकसारख्या रंगाचा, कुबट वास नसलेला, डागी दाणे निवडून टाकलेला. हिरव्या शेंगा वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवाव्यात. पृष्ठभागावरील गंधक व ताम्र त्यामुळे बरेच निघून जाते. आंतरप्रवाही औषध मात्र धुऊन जात नाही, हेही सांगावे.

७. औषधनिर्मात्यांसाठी

(१) शक्यतो ठराविक शेतकऱ्यांकडूनच खरेदी करावी आणि प्रत्येकासाठी एक साधे पत्रक ठेवावे. त्यात वाण, पेरणीची तारीख, बीजप्रक्रिया, प्रत्येक फवारणीचे औषध, मात्रा व तारीख, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस, आणि काढणीच्या वेळी पाऊस झाला किंवा नाही, एवढ्या नोंदी पुरेत. बंधन घालावयाचे तर भावही थोडा वाढवून द्यावा. निर्धोक मालाचा खर्च एकट्या शेतकऱ्याने सोसावा अशी अपेक्षा न्याय्य नाही.

(२) माल घेताना दाण्यातील ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली घ्यावा. तो कडकन फुटला पाहिजे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

(३) चाचणी नियम १६० अन्वये मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करावी. जड धातूंच्या मर्यादा (शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष) आपल्या परिचयाच्या आहेत. कीटकनाशक अवशेषांची चाचणी सांगताना मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहून द्यावी : मँकोझेबच्या गटातील बुरशीनाशके नेहमीच्या बहु-अवशेष चाचणीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी कार्बन डायसल्फाइडवर आधारित वेगळी चाचणी लागते. अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल तर ते शोधले होते काय, हे आधी पाहावे.

(४) आपल्याकडील निंबतेल किंवा अर्क पिकावरील औषध म्हणून विकू नये. त्यासाठी कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये नोंदणी व परवाना लागतो. आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना त्यास पुरत नाही.

उपसंहार

द्रव्यशुद्धीचा विचार आपण बहुधा औषधशाळेच्या दारापासून सुरू करतो. परंतु शोधन, भावना, क्वाथन यांपैकी कोणताही संस्कार अफ्लाटॉक्सिन किंवा बुरशीनाशकाचा अवशेष भरवशाने दूर करू शकत नाही. शुष्कीकरणाने तर तो वाढतोच. म्हणून येथे शेत हेच शोधनाचे स्थान आणि शेतकरी हाच पहिला शोधनकर्ता आहे. योग्य वाण, वेळेवर पेरणी, ट्रायकोडर्माचा बीजसंस्कार आणि प्रथम लक्षणी गंधक, एवढ्या चार गोष्टी पाळल्या तर मूग व वाटाण्यावर तीक्ष्ण औषधाची पाळी क्वचितच येते. येत्या खरिपापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या पंचक्रोशीतील निदान एका शेतकऱ्याबरोबर या क्रमाने एक वाफा तरी करून पाहावा आणि आलेले निष्कर्ष, ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, याच त्रैमासिकातून मांडावेत, अशी नम्र विनंती.